बाईला काढा, टाकी राहू द्या

आमच्या चोपडा तालुक्यातल्या गावाजवळ क्रोम प्लेटिंगचं, म्हणजे धातूवर क्रोमचा मुलामा चढवायचं युनिट येणार, अशी बातमी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली आणि दोन तट पडले. आतेभाऊ म्हणाला, "ॲसिडनं कातडी जळते, डोळे जातात, मान्य. पोटातल्या लेकराशी त्याचा काय संबंध? हातमोजे द्या, विषय संपला." आबांचं म्हणणं, संबंध असो नसो, बायांना त्या कामावर घेऊच नये, ग्रामसभेत तसा ठराव करून टाकू. दोघांनाही सारखेच अंगठे मिळाले. मी इथून, जर्मनीतून, दोन ओळी लिहिल्या, तर आतेभावाचं उत्तर तयारच होतं: "तुले आठलं काय मालूम?" म्हणजे, तुला इथलं काय माहीत?

आठलं मला चांगलं मालूम आहे. जळगावच्या सराफ बाजारामागे सोनं गाळताना नायट्रिक ॲसिडमधून उठणारा तांबूस धूर मी लहानपणी गल्लीत उभी राहून पाहिलाय. त्या धुराशेजारी बसून चहा पिणारे कारागीरही पाहिलेत. शिरपूरजवळ वाघाडीला २०१९ च्या ऑगस्टमध्ये केमिकल कारखान्यात स्फोट होऊन दहापेक्षा जास्त माणसं गेली, तेव्हा याच ग्रुपवर आठवडाभर हळहळ चालली होती. पुढे केळीचे भाव पडले आणि विषय बदलला.

राहिला पोटातल्या लेकराशी संबंध. त्याच प्रश्नाच्या फाइली लिहून माझं घर चालतं, म्हणून हे जरा सविस्तर.

आतेभाऊ अर्धा बरोबर आहे, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. हायड्रोक्लोरिक ॲसिड जिथं लागतं तिथं जाळतं. पण रक्तात त्याचं ॲसिडपण टिकत नाही. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ च्या आत राखायची सोय शरीरात असतेच, आणि उरलेलं क्लोराइड मिठातून आपण रोजच खातो. जर्मनीत हवेतल्या मर्यादा ठरवणारी जी समिती आहे, तिनं हे ॲसिड गरोदरपणाच्या 'सी' गटात टाकलंय. म्हणजे मर्यादा पाळली तर गर्भाला धोका मानायचं कारण नाही.

पण गावात येणार आहे ते क्रोमिक ॲसिड. गडद लाल पापुद्रे येतात, ते पाण्यात विरघळवून टाकी भरतात. वीज सोडली की हायड्रोजनचे बुडबुडे वर येतात आणि फुटताना ॲसिडचे बारीक तुषार हवेत उडवतात. टाकीवर ओढणारा पंखा नसेल तर ते थेट छातीत. युरोपच्या वर्गीकरणात या पदार्थासमोर जाळणारा, कॅन्सर करणारा, जनुकांना इजा करणारा, आणि प्रजननक्षमता बिघडवत असल्याचा संशय, असं सगळं लिहिलंय. त्याचं भावंड सोडियम डायक्रोमेट. त्याच्यापुढे तर प्रजननक्षमता आणि गर्भ, दोन्हींसाठी संशयाच्या वरची श्रेणी आहे. हायड्रोक्लोरिक आणि क्रोमिकचे दोन ड्रम शेजारी ठेवले तर आमच्याकडे दोघांचंही नाव 'ॲसिड'.

आता हे ठरवायचं कसं? गाभण उंदरांना तीन वेगवेगळ्या मात्रा देतात, एक गट बिनमात्रेचा ठेवतात, आणि शेवटी पिल्लांची हाडं नि अवयव एकेक करून तपासतात. जाळणाऱ्या पदार्थापाशी गाडं अडतं. मात्रा वाढवली की आईचं जठर पोळतं, ती खायची थांबते, वजन उतरतं आणि पिल्लं किरकोळ निघतात. मग पिल्लू रसायनानं खुरटलं की आईच्या उपासानं? कमी केली तर काहीच दिसत नाही, आणि कंपनी म्हणते, बघा, निर्धोक. युरोपच्या 'रीच' नावाच्या रसायनांच्या कायद्यात, जाळेल इतक्या मात्रेत प्राण्यांवर चाचणी टाळा, असं लिहिलंय. त्या वाक्याचा अर्थ काही जण "जाळणारं आहे ना, मग चाचणीच नको" असा लावतात. तसा तो नाही. पातळ करून, न जाळणाऱ्या मात्रेत तपासता येतं. कधी पदार्थाऐवजी त्याचा क्षारही (सॉल्ट) चालतो. शिवाय आईला त्रास झाला म्हणून पिल्लांवरचा परिणाम आपोआप खोडून टाकायचा नाही, हेही नियमात आहे. या एका मुद्द्यावर मी तासन् तास बैठकांत बसलेय. समोरचे लोक सभ्य असतात, बिस्किटं चांगली असतात, आणि पिल्लांचं वजन 'दुय्यम परिणाम' या खान्यात सरकवायची घाई प्रत्येकाला असते.

आबांचा ठराव मला आतेभावाच्या बोलण्यापेक्षाही वाईट वाटतो, कारण तो काळजीच्या आवाजात येतो. क्रोमिक ॲसिडच्या नावापुढे जी प्रजननक्षमता लिहिलीय ती पुरुषाचीही आहे. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉपला डीबीसीपी नावाचं शेतीचं औषध बनवणारे कामगार आपसात बोलले की आपल्यापैकी कुणाला मूलच होत नाहीये. तपासलं तर वीर्यात शुक्रजंतू नव्हते किंवा फार थोडे होते. उंदरांची वृषणं त्यानं आक्रसतात हे १९६१ सालीच छापून आलं होतं. आणि डीबीसीपी वापरत कुठे? मध्य अमेरिकेत केळीच्या बागांत, मुळांवरच्या सूत्रकृमींसाठी. लॅथ्रॉपनंतरही तिथं ते काही काळ चालूच राहिलं. केळीवाल्या तालुक्याला हे मी सांगायला हवं?

अमेरिकेत एका बॅटरी कंपनीनं, जॉन्सन कंट्रोल्सनं, मूल होऊ शकेल अशा बायकांना शिशाच्या कामावर बंदी घातली होती. सुप्रीम कोर्टानं १९९१ साली ती रद्द ठरवली. शिसं पुरुषांनाही सोडत नाही, हा मुद्दा तिथंही होता.

इथं जर्मनीत मुटरशुट्झच्या, म्हणजे गरोदर कामगार बायकांच्या संरक्षणाच्या कायद्यात क्रम ठरलेला आहे. आधी काम सुरक्षित करा, ते जमलं नाही तर बाईला दुसरी जागा द्या, आणि काहीच जमलं नाही तर मग घरी पाठवा. गरोदर बाई कामावर असो नसो, जागेची तपासणी आधीच झालेली हवी. क्रोमिक ॲसिडला तर २०१७ च्या सप्टेंबरपासून परवानगीशिवाय हातच लावता येत नाही. हे लिहिताना मान जरा ताठ होते, कबूल. पण इथल्या दुकानातल्या चकचकीत नळांवर मुलामा कुठे चढतो, हे बाउमार्क्टच्या, म्हणजे घरबांधणीच्या सामानाच्या मोठ्या दुकानाच्या रांगेत मी कधी विचारलेलं नाही.

कायद्यातला क्रमही कागदावरच जास्त चालतो. मला दिवस गेल्याचं कळवलं त्याच दुपारी लॅबचं कार्ड बंद झालं. कुठली टाकी, कुठली हवा, कुणी पाहिलं नाही. बेट्रिब्सआर्त्स्ट, म्हणजे कंपनीचा डॉक्टर, गोड हसला, मला खिडकीजवळचं टेबल मिळालं. आबांच्या ठरावावर मी ग्रुपमध्ये तावातावानं लिहिते, तिथं मात्र आभार मानून आले. परक्या देशात आभार लवकर मानले जातात. गावात असते तर भांडले असते, असं मला वाटायला आवडतं.

आणि गावात आता माझं मत नाही. पासपोर्ट बदलला, मतदारयादीतून नाव गेलं, ग्रामसभेत मी पाहुणी. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीला जितकं बोलू देतात तितकंच.

म्हणून वहिनीला फोन केला. तीच त्या युनिटवर जाणार आहे, रॅकवर माल अडकवायला. ती म्हणाली, "ताई, ग्रुपवर एवढं चाललंय, पगार किती ते कुणी विचारलं का?" मीही विचारलं नव्हतं. केळीच्या बागेतल्या मजुरीपेक्षा बराच जास्त आहे, सावलीतलं काम आहे, आणि ती जाणारच आहे.

मग ग्रामसभेसाठी प्रश्न लिहून दिले. टाकीवर ओढणारा पंखा बसवणार का? हवेतलं क्रोमियम कोण मोजणार, किती दिवसांनी? रसायनाच्या सुरक्षा-पत्रकाचा अकरावा, म्हणजे शरीरावरच्या परिणामांचा भाग मराठीत भिंतीवर लागेल का? तिथं 'माहिती उपलब्ध नाही' असं असेल तर ती जागा कोरी न सोडता तसंच लिहायचं. तपासण्या पुरुषांच्याही होणार का? शेवटचा प्रश्न वाचून वहिनी खूप हसली, पण खोडला नाही. सभेत तीच विचारणार आहे.

आतेभाऊ म्हणतो, "तिकडे बसून इथं घरात भांडण लावलंस." लावलं असेल.