ऑटोमॅटिक गाडी जागेवर तापवून काही साधत नाही

गणपती जवळ आले की कोकणातल्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. त्यातलं म्हणणं असं: ऑटोमॅटिक गाडी सकाळी दहा मिनिटं जागेवर तापवल्याशिवाय हलवू नका, नाहीतर गिअरबॉक्स जातो. गाडी बरेच दिवस उभी असेल तर रोज थोडा वेळ नुसती चालू ठेवा. आणि घाट उतरताना एनमध्ये (न्यूट्रलमध्ये) टाका, पेट्रोल वाचतं. पाठवणारे काळजीपोटीच पाठवतात. पण यातला एकही सल्ला पाळण्याजोगा नाही, आणि शेवटचा तर जिवावर बेतणारा आहे.

आधी गिअरबॉक्स. मेसेजवाला सगळ्या ऑटोमॅटिक गाड्या एकाच मापाने मोजतो. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेल्या गाडीत तेलाचा पंप इंजिनच फिरवतं, त्यामुळे स्टार्टर मारल्यावर काही सेकंदांत दाब तयार होतो. दहा मिनिटं पीमध्ये (पार्किंगमध्ये) उभी ठेवली तर ते तेल जेमतेम कोमट होईल. चाकांचे बेअरिंग, शॉकअ‍ॅब्सॉर्बर, टायर मात्र थंडच राहणार, कारण ते फिरल्याशिवाय तापत नाहीत. आणि २०१४ मध्ये सेलेरिओ आल्यापासून छोट्या गाड्यांत जी एएमटी रुजली, तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतोच. आत नेहमीचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि कोरडी क्लच प्लेट, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. तिथे दहा मिनिटं तापवायचं तरी काय?

मेसेजमध्ये एक कण खरा आहे. थंड इंजिन सुरू झाल्यावर आरपीएमचा काटा थोडा वर असतो. तेव्हाच डी (पुढे जायचा) किंवा आर (रिव्हर्स) टाकला तर झटका बसतो. काटा हजाराच्या आसपास उतरेपर्यंत थांबा. आपल्या हवेत त्याला अर्धं मिनिट पुरतं. मग निघा, आणि पहिले दोन-तीन किलोमीटर एक्सलेटर हलका ठेवा. टर्बो इंजिन असेल तर हे आणखी मनावर घ्या.

कोकणात एएमटीचं खरं नुकसान होतं ते चढावर, आणि त्याबद्दल या मेसेजमध्ये अवाक्षर नाही. आपली बरीच घरं रस्त्यापासून खाली. संध्याकाळी गाडी तोंड खाली करून अंगणात घालायची, आणि सकाळी चिऱ्याच्या गडग्याला न घासता रिव्हर्समध्ये तो सगळा चढ वर काढायचा. गाडी इंच इंच मागे जात असते आणि तेवढा वेळ क्लच अर्धवट घासत असतो. दोनदा थांबलात, पुन्हा रेस केलीत, की जळका वास आलाच. गाडी दहा मिनिटं तापवल्याने हा वास थांबत नाही. रात्रीच गाडी वळवून तोंड रस्त्याकडे करून लावली तर थांबतो.

तीच गोष्ट ट्रॅफिकची. वडखळला, माणगावला रांग लागली की चढावर एक्सलेटरच्या जोरावर गाडी धरून ठेवू नका. ब्रेक पूर्ण दाबा, थांबा लांबला तर एन टाकून हँडब्रेक ओढा, आणि पुढे गाडीभर जागा झाल्यावरच सरका.

इंजिन तापवायची सवय आली ती कार्ब्युरेटर आणि चोकच्या काळातून. २००० च्या सुमारास आपल्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं, आणि आता थंड इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते सेन्सर ठरवतो. जिथे पारा शून्याच्या खूप खाली जातो तिथला प्रश्न वेगळा. रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यातली पहाटही साधारण अठरा-वीस अंशांची असते. उलट थंड इंजिन नुसतं गुरगुरत ठेवलं की जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. बीएस-६ (प्रदूषणाचे नवे नियम पाळणारी) डिझेल गाडी असेल तर एक्झॉस्टमधल्या फिल्टरमध्ये काजळी साचत जाते, कारण ती जाळायला लागणारी उष्णता उभ्या गाडीत सहसा तयार होत नाही. वर छोटं पेट्रोल इंजिनही उभ्या उभ्या तासाला अर्धा ते एक लिटर पितं.

रोज थोडा वेळ चालू ठेवण्याने बॅटरीचंही भलं होत नाही. स्टार्टर जेवढा करंट खातो तो भरून यायला गाडी चालवावी लागते. आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवून आणा. सायलेन्सरमधलं पाणी उडतं, खाऱ्या हवेने ब्रेक डिस्कवर चढलेला गंज घासला जातो. कोणी चालवणारच नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. आणि पावसात दार लावलेल्या शेडमध्ये गाडी चालू ठेवू नका, हे गावी एकट्या राहणाऱ्या आई-वडिलांना नक्की सांगा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. पडवीला लागून शेड असेल तर तो घरातही शिरतो.

आता घाटातला एन. गिअरमध्ये असताना एक्सलेटरवरून पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि इंजेक्टर पेट्रोल बंद करतात. एनमध्ये टाकलं की इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल पुन्हा सुरू. म्हणजे वाचत काहीच नाही. त्यात इंजिनचा अटकाव गेला, गाडीचा सगळा भार ब्रेकवर आला. कुंभार्ली किंवा आंबा घाट असा उतरलात तर लायनर तापतात, ब्रेक ऑइल उकळायला लागतं आणि पेडल खाली जातं. एएमटीमध्ये दांडी एमवर घेऊन दुसरा-तिसरा गिअर धरा. बाकी गाड्यांत एल किंवा दोन असेल तर तो लावा. इंजिनचा आवाज चढेल, त्याला घाबरू नका. काटा लाल पट्ट्याच्या खाली आहे तोवर इंजिनाला त्याचा काही त्रास नाही.