१० फूट ६ इंच, ३ वेट निंफिंग रॉडच्या २ स्टार रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू नीट वाचला. फ्लाय फिशिंगसाठी हिमाचलच्या तीर्थन नदीवर ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी नकली माशी) पंधरा फुटांपुढे जात नव्हती, दुपारच्या वाऱ्यात लाइन तोंडावर येत होती आणि शेवटच्या दिवशी स्ट्रीमर (छोट्या माशासारखी दिसणारी फ्लाय) मारताना रॉडची टिप मोडली, म्हणून हा रॉड निंफिंग (निंफ म्हणजे पाण्याखाली बुडवायची फ्लाय) सोडून कशालाच चालत नाही, पैसे पाण्यात गेले, असं तुमचं म्हणणं आहे. फोनवर मी म्हटलेलं की याच्यावर ड्राय फ्लायपण होते, आणि आजही तेच म्हणेन, फक्त कशी होते ते इथे सविस्तर लिहितो कारण हाच प्रश्न घेऊन बरेच जण येतात.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत रीळवर नारिंगी बारीक लाइन दिसतेय ना, ती युरो निंफची लाइन आहे. जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणि वजन जवळपास नाहीच. निंफ मारताना ते चालतं, कारण तिथे फ्लायवरच्या टंगस्टन बीडचं (जड मण्याचं) वजन पुढे जातं आणि लाइन फक्त मागून ओढली जाते. ड्राय फ्लायचं बरोबर उलटं आहे, फ्लायला स्वतःचं वजनच नसतं, तिला लाइनने न्यावं लागतं. वेट म्हणजे लाइन किती जड आणि रॉड कुठल्या लाइनचा याचा नंबर. ३ वेटच्या साध्या फ्लाय लाइनचे पहिले ३० फूट १०० ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम भरतात, ५ वेटचे १४० ग्रेन. तुमच्या लाइनमध्ये त्यातलं काहीच नव्हतं, मग रॉड वाकणार कशाने आणि फ्लाय जाणार कशी! रीळचा एक जादा स्पूल (लाइन गुंडाळायची चकती) घ्या, त्यावर ३ वेटची साधी फ्लाय लाइन भरा, डबल टेपर किंवा वेट फॉरवर्ड प्रकारातली. जवळचंच मारायचं असेल तर सरळ ४ वेटची भरा, कारण बाहेर १५-२० फूटच लाइन असताना ३ वेटने हा रॉड लोड होत नाही, म्हणजे पुरेसा वाकत नाही.

वाऱ्याबद्दल तुमची तक्रार खरी आहे, ती मी नाकारत नाही. टिप इतकी मऊ की जोर लावला की ती आधी वाकते, लूप, म्हणजे हवेतल्या लाइनचा वळसा, मोठा उघडतो आणि उघडा लूप वाऱ्यात अडकतो. ९ फुटी ५ वेट तिथे सरस, ते कुणीही मान्य करेल. हातातला रॉड हाच असेल तर स्ट्रोक छोटा आणि हळू ठेवा, कास्ट आडवा आणि पाण्याजवळून मारा. लांब कास्टचा हट्ट या रॉडवर करूच नका.

पण तीर्थनवर गुशैणी गावाच्या वरच्या बाजूला मोठमोठे दगड आहेत आणि प्रत्येक दगडामागे ताटाएवढं शांत पाणी असतं, ट्राउट तिथेच बसलेला असतो आणि तुमच्या-त्याच्या मधे धारेचं जोराचं पाणी. ९ फुटी रॉडने फ्लाय टाकली की लाइन त्या धारेत पडते आणि दोन सेकंदात फ्लाय ओढली जाते, मासा बघतही नाही. इथे हा रॉड उंच धरा, लाइन पूर्ण हवेत, पाण्याला फक्त टिपेट (लाइनच्या टोकाचा बारीक धागा) आणि फ्लाय लागलेली, तशी ती फिरत राहते आणि मासा वर येतो. ड्राय फ्लायखाली छोटा निंफ बांधायचा असेल तर याच्याइतकं सोपं दुसऱ्या कशाने होत नाही. सॉफ्ट हॅकल (मऊ पिसांची फ्लाय) प्रवाहात खाली सोडून स्विंग करायलाही, म्हणजे ताणलेल्या लाइनवर आडवी फिरवायलाही मस्त, मासा ताणलेल्या लाइनवर धडकतो तेव्हा झटका मऊ टिप खाते आणि ६एक्ससारखा बारीक टिपेट वाचतो. मला स्वतःला हा रॉड यासाठीच फार आवडतो.

आता टिप. क्लोजअप फोटोत तुटलेल्या जागेच्या कडेला छोटा खळगा दिसतोय, तो वजनदार डोळ्यांच्या स्ट्रीमरचा मार आहे. कास्ट खाली आला की फ्लाय ब्लँकवर, म्हणजे रॉडच्या काडीवर, आपटते, ग्राफाइटला टवका जातो, त्या क्षणी काहीच होत नाही आणि नंतर कधीतरी साध्या कास्टमध्ये काडकन तुटतं. म्हणून प्रॉडक्ट पेजवर लिहिलंय की जड डंबेल आइजचे (धातूच्या डोळ्यांचे) स्ट्रीमर आणि सिंकिंग (बुडणारी) लाइन यावर नको. बिनवजनाचा किंवा हलक्या बीडचा छोटा स्ट्रीमर चालेल, टिपने उचलत-सोडत खेळवायचा. झाडीतल्या अरुंद नाल्यात मात्र नेऊ नका, साडेदहा फूट फिरवायला जागाच मिळत नाही.

आणि रिव्ह्यूच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की पुढच्या वेळी खाली बियास नदीवर महाशीर या मोठ्या माशासाठी हाच नेणार होतो. सर, हात जोडून सांगतो, नेऊ नका. त्याला ८ वेट लागतो. रॉड तर जाईलच, पण हलक्या रॉडवर मासा उगाच खूप वेळ दमवला जातो आणि सोडल्यावरही जगेल याचा भरवसा नाही.

वॉरंटीत हा मार बसत नाही, तरी टिपचा भाग आम्ही खरेदीच्या भावात देतो, कुरिअर आमच्याकडून. पुण्यात येणं झालं तर दुकानावर या, मागच्या मैदानात फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून दोन्ही लाइन एकामागोमाग मारून बघू, फरक हातालाच कळेल. ट्राउटची मासेमारी नोव्हेंबरला बंद होते आणि मार्चला उघडते, त्याआधी सगळं हातात असेल. तुटलेला तुकडा टाकू नका, सांध्याचं माप त्यावरूनच घ्यायचंय, आणि रॉडवरचा सिरीयल नंबर मेसेज करा.