अलार्म ऑफ गेला

मुंबईत 'ऑफ' कळायला शाळेत जावं लागत नाही. पंखा ऑफ, मूड ऑफ, गुरुवारी वॉचमनचा ऑफ. जे चालू होतं ते आता नाही, एवढा साधा हिशेब. त्यामुळे दसऱ्याच्या सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर 'बेसमेंट फायर अलार्म हॅज गॉन ऑफ' असा मेसेज पडला, तेव्हा बी विंगमध्ये कुणी श्रीखंडातून मान वर केली नाही. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी तर 'सणाला मेकॅनिक मिळणार नाही, उद्या चालू करून घेऊ' असं लिहून खाली झेंडूचं फूल टाकलं.

तळघरात अलार्म कोकलत होता. नव्या गाडीच्या पूजेचा धूप बरोबर डिटेक्टरखाली मांडलेला. हा आवाज गाडीचाच, असं समजून मालक एकेक बटण दाबत होते. वायपर सुरू झाले, डिकी उघडली, नारळ गडगडत लिफ्टपर्यंत गेला.

मेसेज लिहिणारी मुलगी अंधेरीच्या ऑफिसात दिवसभर परदेशी लोकांशी बोलते. तिचं इंग्रजी चोख, तेच दुखणं. इंग्रजीत दिवे 'गो ऑफ' झाले की अंधार आणि अलार्म 'गो ऑफ' झाला की बोंब. बॉम्ब फुटतो, दूध नासतं, बाळाला झोप लागते, माणूस मनातून उतरतो, सगळं त्याच दोन शब्दांत. बाळाची आणि बॉम्बची एकत्र सोय लावणाऱ्यांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं!

बरं, हे त्यांनाही ठाऊक होतं. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की, क्रियापदाला असं शेपूट जोडण्याच्या प्रकाराने परक्यांची सर्वांत जास्त पंचाईत होते. त्याच्या यादीत 'टेक ऑफ' म्हणजे नक्कल करणे. विमानं नव्हती ना तेव्हा.

हे मी वहिनीला ऐकवलं. ती इंग्रजीची निवृत्त शिक्षिका, माहेर पार्ल्याचं. "भावजी, चर्चगेटला बोरिवली लागते, मला घाटात गाडी लागते, तुमच्या भाच्याला नोकरी लागते आणि शेजारच्यांची दृष्ट लागते. त्या गोऱ्यांनी कुणाकडे तक्रार करायची?"

मी चहा मागितला. "लागेल तेवढा घ्या," म्हणाली.

आता जानेवारी आला. कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला घ्यावा लागतो. एजन्सीवाला तपासून गेला, सोबत अहवाल: 'ऑल अलार्म्स गो ऑफ प्रॉपर्ली.' सेक्रेटरी तेव्हापासून चेक अडवून बसलेत.

"सगळे व्यवस्थित बंद पडतात म्हणे! आणि वर जीएसटी मागतोय!"