सरकार बंद, गल्ला चालू

अमेरिकेत लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देण्याचा धंदा करत असाल, तर शटडाऊनला घाबरायचं कारण नाही. तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, खर्चाला मंजुरी दिली नाही की सरकार बंद पडतं, असं लोक म्हणतात ते अर्धसत्य. सरकारचा देणारा हात बंद पडतो. घेणाऱ्या हाताला रजा नसते. एवढं समजून घेतलंत की पुढचा सल्ला आपोआप पटेल.

आधी तारखा. 2025चं शटडाऊन 1 ऑक्टोबरला सुरू झालं. आयआरएसने, म्हणजे तिथल्या करखात्याने, गाठीला असलेल्या जुन्या निधीवर कामाचे पाच दिवस ढकलले आणि 8 ऑक्टोबरला सुमारे 34 हजार माणसं, म्हणजे जवळजवळ निम्मं खातं, बिनपगारी घरी बसवलं. दोनच दिवस आधी याच खात्याला सीईओ नावाचं नवं कोरं पद मिळालं होतं. सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाचा, कारभार आधीच सांभाळणाऱ्या फ्रँक बिसिन्यानो यांनाच ते दिलं गेलं. खाली निम्म्या खुर्च्या रिकाम्या होणार असल्या की वर एक वाढवावी, ही युक्ती तुमच्या फर्मलाही लागू पडते का बघा.

15 ऑक्टोबर मात्र जागची हलली नाही. एक्स्टेन्शन, म्हणजे रिटर्नला मुदतवाढ, घेतलेल्यांची ती शेवटची तारीख. "अहो, सरकारच बंद आहे, मग आपल्यालाच कसली घाई?" असं विचारणारा क्लायंट भेटेलच. त्याच्या तर्काला मनापासून दाद द्या आणि त्याच दमात सही घ्या, कारण कर बाकी असताना रिटर्नला उशीर झाला तर महिन्याला 5 टक्के दंड चढतो. ठाण्यात एफडी ठेवून न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या काकांना एफबारची, म्हणजे परदेशातली खाती सरकारला कळवण्याच्या फॉर्मची, आठवणही तेव्हाच करा. त्याचीही वाढीव मुदत 15 ऑक्टोबरलाच संपते.

रिफंडचं विचाराल, तर तो मिळतो. रिटर्न ऑनलाइन भरलेला हवा, त्यात एकही चूक नको आणि पैसे थेट बँकेत जाणारे हवेत, बस्स. ज्याने कागदावर रिटर्न पाठवला, त्याला टपालखात्यावरच्या त्याच्या श्रद्धेबद्दल शुभेच्छा द्या.

आता खरी गंमत. 1884चा एक कायदा सांगतो की मंजुरी नसताना सरकारी खात्याने काम करू नये. 1980मध्ये अ‍ॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी त्याचा कडक अर्थ लावला आणि शटडाऊनला आजचं रूप आलं. मुख्य अपवाद दोन : माणसाचा जीव आणि मालमत्तेचं रक्षण. करापोटी आलेला चेक ही सरकारी मालमत्ता ठरते, हे आलंच ओघाने. म्हणून 2018-19च्या 35 दिवसांच्या शटडाऊनमध्ये आयआरएसमध्ये टपाल फोडलं जायचं ते चेक शोधण्यासाठी. करदात्यांची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी जो विभाग मुद्दाम काढला आहे, तिथेही तेच. पाकिटातून चेक निघाला तर तो जपून बाजूला. 'माझ्या खात्यावर जप्ती आलीय, घरभाडं थकलंय' अशी चिठ्ठी निघाली तर ती वाचता येत होती, पण त्यावर काही करायची मुभा नव्हती. बँकेला जप्तीचा आदेश मिळाल्यावर 21 दिवसांनी पैसे सरकारकडे जातात, आणि हे 21 दिवस शटडाऊनमध्येही मोजले जातात. आदेश मागे घेणारा माणूस तेवढा घरी असतो. तेव्हा क्लायंटचं गाऱ्हाणं पाठवायचंच असेल तर सोबत चेक जोडा. निदान पाकीट तरी उघडेल.

हे उघड्यावर आणलं त्या विभागाच्याच तेव्हाच्या प्रमुख नीना ओल्सन यांनी. कर्मचारी परतले तेव्हा 50 लाखांवर टपाल हातही न लागलेलं पडून होतं. आणि थकबाकी हप्त्यांनी भरायची व्यवस्था करून देणारी जी फोनलाइन आहे, तिच्यावर रिटर्नच्या हंगामाच्या पहिल्या आठवड्यात शंभरातले जेमतेम सात फोन उचलले गेले, तेही सरासरी 81 मिनिटं ताटकळल्यावर. म्हणजे पैसे द्यायला आलेलं गिऱ्हाईकही दारातच उभं. घेणाऱ्या हाताची एवढी थोरवी गायल्यावर हे कबूल करणं मला जरा जड जातंय.

तुम्ही यातून शिकायचं ते बिलिंग. होल्डवरचं संगीत ऐकण्याचा वेळ बिलात कोणत्या नावाने लिहायचा, हे आत्ताच ठरवून ठेवा. 'प्रतीक्षा' लिहिलंत तर क्लायंट हुज्जत घालेल. 'आयआरएसशी पाठपुरावा' लिहा, ते भारदस्त वाटतं. नोटिशीला उत्तर पाठवलं तर त्याची पोच जपून ठेवा. आधीच्या पत्राला उत्तर आलं नाही म्हणून दुसरं पाठवू नका, नाहीतर ढिगात तुमचीच दोन पत्रं एकमेकांची वाट अडवत बसतील.

43 दिवसांनी, 12 नोव्हेंबरला, 2025चं शटडाऊन एकदाचं मिटलं. त्या तडजोडीने बहुतेक खात्यांना पैसे दिले ते 30 जानेवारी 2026पर्यंतचे, म्हणजे रिटर्नचा नवा हंगाम सुरू होतो त्याच सुमाराचे. सरकारला तारीख निवडायची मोकळीक होती आणि त्यांनी नेमकी ही निवडली. अशा वेळी क्लायंटला तुमची फी आगाऊ मागताना अजिबात संकोचू नका.