अंटार्क्टिकाला जायचंय? केबिन नंतर, आधी प्रवासीसंख्या बघा

अंटार्क्टिकाचं बुकिंग करताना बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो बाल्कनीचा. माझं मत ठाम आहे: आधी जहाजावर प्रवासी किती ते विचारा. तिथे जाणाऱ्या सहल कंपन्यांची आयएएटीओ ही संघटना १९९१ पासून आहे. तिच्या नियमाप्रमाणे एका ठिकाणी एका वेळी १०० पेक्षा जास्त प्रवासी किनाऱ्यावर नसतात, आणि ५०० हून जास्त प्रवाशांचं जहाज कुणालाच उतरवत नाही. म्हणजे १८० प्रवासी असतील तर निम्मे किनाऱ्यावर, निम्मे झोडियाक या रबरी होड्यांमध्ये, मग अदलाबदल. ४०० असतील तर चार पाळ्या. मधेच वारा उठला की शेवटच्या पाळीचं उतरणं रद्द.

आणि वारा उठतोच. हिमनद्यांवरून थंड, जड हवा उतारानं घसरत येते आणि शांत खाडी बघता बघता खवळते. कधी लख्ख ऊन असतानाही परत बोलावतात, कारण वाऱ्यानं बर्फाचे तुकडे खाडीच्या तोंडाशी लोटत आणलेले असतात. ते दाटले की रबरी होडीला वाट उरत नाही. अशा वेळी मोहीमप्रमुखाशी हुज्जत घालू नये.

अर्जेंटिनातल्या उशुआया बंदरातून निघाल्यावर ड्रेक पॅसेज, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकामधला समुद्र, ओलांडायला साधारण दोन दिवस लागतात. उलटीची गोळी बीगल चॅनेलच्या शांत पाण्यात असतानाच घ्या. मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. याच दोन दिवसांत सामानाची सफाई होते. खिशांच्या शिवणी, वेल्क्रो, ट्रायपॉडचे पाय, बुटांच्या तळव्यातल्या खाचा. वेल्क्रोत अडकलेलं गवताचं बी चिमट्यानं एकेक काढावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण पोआ अनुआ नावाचं परकं गवत तिथे रुजलंय, हे विसरू नका.

बर्ड फ्लूमुळे नियम आणखी कडक झाले. त्याचा एच५एन१ विषाणू ऑक्टोबर २०२३ मध्ये साउथ जॉर्जिया बेटाजवळ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर आढळला. त्यामुळे किनाऱ्यावर बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, बॅग खाली ठेवायची नाही. फोटो उभ्यानंच काढायचे.

पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं, हे सगळे ऐकतात. का, ते फार थोडे विचारतात. तुम्ही जवळ गेलात की अंड्यांवर बसलेला पक्षी बिचकून उठतो. स्कुआ पक्षी आसपास टपलेलाच असतो, तो तेवढ्यात अंडं पळवतो.

त्याहून दुर्लक्षित गोष्ट वाटेची. जेंटू पेंग्विन समुद्रापासून घरट्यापर्यंत ठरलेल्या वाटेनं ये-जा करतात आणि पावलांनी दबून बर्फात नळीसारखा चर पडतो. त्यात माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला तर तेवढा खोल खड्डा होतो. जेमतेम पाऊण मीटर उंचीचा पक्षी त्यात पडला, तर त्याला बाहेर पडणं अवघड जातं. म्हणून आपला पाय कुठेही रुतला की तिथेच थांबून खड्डा बर्फानं बुजवायचा, मगच पुढचं पाऊल टाकायचं. हे काम गाइडचं नाही, आपलं.

महिन्याचं म्हणाल तर नोव्हेंबरात बर्फ कोरा असतो, पण पिल्लं नसतात. ती डिसेंबरच्या अखेरीपासून दिसू लागतात. व्हेल बघायच्या असतील तर फेब्रुवारी-मार्च उत्तम; फक्त तोवर पेंग्विनच्या वसाहतींत चिखल आणि विष्ठा साचलेली असते, त्याची तयारी ठेवा.