हो, मी अजून आखाजीला ढेकळं मांडतो

दरवर्षी आखाजी झाली की आमच्या गावच्या ग्रुपवर भेंडवळच्या घटमांडणीची, म्हणजे तिथे सांगतात त्या पाऊस-पिकाच्या भाकिताची, बातमी फिरते अन् खाली हसणाऱ्या इमोजींची रांग लागते. यंदा त्यात माझंही नाव आलं. अमळनेरकडच्या आमच्या गावात घागरीखाली चार ढेकळं ठेवून पाऊस बघणारी घरं आता बोटावर मोजण्याइतकी उरलीत अन् त्यातलं एक माझं आहे. एका मित्राने सरळ विचारलं, भाऊ तू शिकलेला माणूस, मोबाइलवर रडार बघतोस, तुझा या भाकितावर खरंच विश्वास आहे का? त्याने मनापासून विचारलं म्हणून मीही मनापासून लिहितोय, थोडं लांबेल.

जे खानदेशातले नाहीत त्यांच्यासाठी. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे दिवाळीएवढा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी चालतात, सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल याच दिवशी संपतं अन् नवीन ठरतं. अन् पितरांची घागर भरतात. मातीची नवी घागर, वर डेरगं म्हणजे छोटं मडकं, त्यावर खरबूज नाहीतर आंबा, पुरणपोळी-आमरसाचा नैवेद्य, चुलीत आगारी, म्हणजे नैवेद्याचा घास, टाकायची अन् गेलेल्यांची नावं घ्यायची. आमच्या घरी घागरीखाली शेतातनं आणलेली चार ढेकळं ठेवतात, जेठ, आखाड, सावन, भादवा. घागर पाझरते, ढेकळं भिजतात, दुसऱ्या दिवशी बघायचं कोणता महिना किती ओला.

भेंडवळचं याहून मोठं. तिकडे वऱ्हाडात, बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात, शेतात गोल घट आखतात, भोवती अठरा धान्यं मांडतात, मधल्या खड्ड्यात चार ढेकळं, त्यावर पाण्याने भरलेली घागर, वर पापड, सांडई, कुरडई, पान-सुपारी. रात्रभर तिथे कोणी थांबत नाही अन् पहाटे काय हललं, काय भिजलं ते बघून वर्षाचं भाकीत सांगतात. साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगतात. लांबलांबून शेतकरी येतात, टीव्हीवाले येतात, अंधश्रद्धा निर्मूलन समितीवाले (अंनिस) दरवर्षी आक्षेप घेतात.

आमचे आबा ढेकळं नुसती बघायचे नाहीत, फोडायचे. वरून चारही सारखीच काळी ओली दिसतात, पण अंगठ्याने दाबून मधोमध फोडलं की कळतं, एखाद्यात ओल पार गाभ्यापर्यंत गेलेली असते अन् एखाद्यात बोटभर खाली कोरडी माती भुरभुरते. मग हात न धुताच ते वही काढायचे अन् लिहायचे, आखाड भरपूर, सावन अर्धा, असं. अन् दसऱ्याच्या सुमाराला त्याच पानावर खाली लिहायचे, खरंच काय पडलं ते. ती वही माझ्याकडे आहे, आता मी लिहितो. तुम्हाला वाटत असेल आता हा सांगेल की सगळं बरोबर आलं. नाही आलं. काही साली बरोबर, काही साली पार उलटं, छापा-काटा केला असता तरी साधारण तेवढंच जमलं असतं. हे मी लपवत नाही अन् आबांनीही कधी लपवलं नाही. एका कोरड्या भादव्यात पारावर कोणीतरी म्हणालं, "आबा, तुमनं ढेकूय खोटं पडनं." आबा म्हणाले, "पडनं. मंग काय, निंदनी त करनीच शे." म्हणजे निंदणी तर करायचीच आहे.

मला चीड कशाची येते सांगू? भाकीत चुकलं की मागाहून अर्थ फिरवणाऱ्यांची. आम्ही असं म्हटलंच नव्हतं, भक्तांची श्रद्धा कमी पडली, अमक्या घरात सुतक पाळलं नाही म्हणून पाऊस गेला. चुकलं तर चुकलं म्हणा ना. देवाचं नाव घेऊन खोटं बोलायचं अन् वर दोष लोकांच्या माथी मारायचा, यासारखं पाप नाही. याच्याच पुढची पायरी म्हणजे पैसे घेऊन कौल देणारे भगत, अन् त्याहून भयंकर म्हणजे नंदुरबारकडे सातपुड्यात एखाद्या बाईला डाकीण ठरवून होणारी मारहाण. "हिने केलं" असं कोणीतरी सांगतो अन् एका बाईचं आयुष्य उद्ध्वस्त होतं. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात अंनिसच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला अन् त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला, तो कायदा मला माझ्या देवघराच्या विरोधात कधीच वाटला नाही. तो पाहिजेच होता.

म्हणजे लोकांनी भविष्य सांगणाऱ्यांवरचा विश्वास काढून घेतला यात मला वाईट काही दिसत नाही. 21 डिसेंबर 2012 ला जग बुडणार म्हणून चॅनलवाल्यांनी महिनाभर पोराबाळांना घाबरवलं, त्यानंतर कोण ऐकणार? अन् खुद्द तुकोबांनीच एका अभंगात म्हटलंय की शकुन सांगणारे, भूत-भविष्य जाणणारे यांचा आम्हाला कंटाळा आहे, ते डोळ्यांपुढेही नकोत. ज्या अमळनेरातनं सखाराम महाराजांची पालखी पायी पंढरपूरला जाते, तिथे तुकोबांना मानणारी माणसं काही कमी नाहीत. वारीला जाणारा पांडुरंगाला यंदा कापसाचा भाव काय राहील ते विचारायला जात नाही.

पण मग लोक पुढची उडी मारतात ती मला पटत नाही. भाकीत खोटं, म्हणून देव खोटा, म्हणून घागर बंद, नाव घेणं बंद. माझ्या एका जवळच्या माणसाने दोन वर्षं ओळीने पीक गेल्यावर देवघरच उचलून ठेवलं. त्याचं दुःख मला कळतं, त्याला नावं ठेवायची माझी लायकी नाही. तरी मनात येतं, त्याने देवाकडे फक्त पावसाची बातमीच मागितली होती का? बातमीसाठी माझ्याकडे हवामान खातं आहे अन् मी पेरणी त्यांचंच ऐकून करतो, ढेकळाकडे बघून नाही. त्यांचंही बघा. 2023 ला एप्रिलमध्ये त्यांनी देशात सरासरीच्या 96 टक्के पाऊस सांगितला अन् पडला 94. आकडा जवळजवळ बरोबर. पण त्याच साली ऑगस्ट गेला तो 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट, अन् ऐन पात्या-फुलांवरची कोरडवाहू कपाशी आमच्या डोळ्यांसमोर माना टाकून बसली. 94 या आकड्यात तो ऑगस्ट कुठेच दिसत नाही. मी खात्याला दोष देत नाहीये, ते स्वतःची चूक आकड्यात मांडून जाहीर करतात अन् त्यासाठी मला त्यांचा आदर आहे. माझं म्हणणं एवढंच की सगळ्यात चांगला अंदाज हातात असला तरी माझ्या वावरात काय होणार ते मला माहीत नसतं अन् तरीही सरकी टोचावी लागते, कर्ज काढून टोचावी लागते.

त्या माहीत नसण्यात मी एकटा नाही, असं मला मनापासून वाटतं. वर ऐकणारा कोणीतरी आहे हे मी मानतो, तो उत्तर देतो हेही मानतो, फक्त त्याने माझ्या सोयीच्या भाषेत अन् माझ्या तारखेला द्यावं असा माझा हट्ट नाही. ढेकळं मांडताना मी आजोबा-पणजोबांची नावं घेतो, ज्यांनी याच मातीत बहात्तरचा दुष्काळ काढला, त्याच्या आधीचेही काढले. त्यांनी विचारलं तसं मीही विचारतो. उत्तर कळलं नाही म्हणून विचारणं सोडायचं असेल तर मग निम्म्या लोकांनी आईवडिलांशी बोलणंही सोडलं असतं.

हसणारे हसू देत, पण घरातल्या पोरांसमोर जपून बोला एवढी विनंती आहे. माझी मुलगी बारावी सायन्सला आहे, यंदा तिने वहीत ढेकळांच्या बाजूला आपल्या महसूल मंडळाचा रोजचा पाऊस मिलिमीटरमध्ये लिहायला घेतलाय. मला फार आवडलं. आबांनाही आवडलं असतं, कारण त्यांनीही तेच केलं होतं, फक्त त्यांच्याकडे मिलिमीटर नव्हते.

अन् ज्यांना पुढच्या आखाजीला परत सुरू करायचंय त्यांनी घागर आधीच सांगून ठेवा. आमच्या गावात आता कुंभाराचं एकच घर चाक चालवतं, ते मोजून घागरी करतात, अन् बाजारात मिळणारी रंग दिलेली घागर पाझरत नाही.