"पप्पांना सांग"

आज दुपारी भाचीच्या ॲडमिशनसाठी नाशिकच्या कॉलेज रोडवर एका क्लासमध्ये गेले होते. समोर आई, बाबा आणि मध्ये अकरावीतली मुलगी. आई मुलीला म्हणते, "पप्पांना सांग, दुसरा हप्ता आजच भरायचाय." पप्पा हाताच्या अंतरावर! ते फोनमधून मान न काढता, "मम्मीला विचार, मागची पावती कुठे ठेवलीय." पोरगी सॅकची चेन उघडत-लावत बसलेली. आणि वर हीच माउली काउंटरवरच्या मॅडमना सांगते, "हल्ली फार चिडचिडी झालीय हो. आम्ही काही कमी करत नाही हिला."

माझं डोकंच फिरलं. अजून उतरलेलं नाही, म्हणून लिहितेय.

हे निरोप्याचं काम मी केलंय. सिडकोतलं घर, बाबा अंबडला कंपनीत. तिथे काही बिनसलं की बाबा घुम्म, आईचा राग भांड्यांवर, मग अबोला. दिवसच्या दिवस. "बाबांना सांग, वाढलंय." "आईला सांग, भूक नाही." मी नववीत. "भूक नाही"चं मी स्वयंपाकघरात पोचेपर्यंत "थोड्या वेळाने जेवतो म्हणाले" करायचे. बाबांनी स्कूटर स्टँडला लावली की त्या आवाजावरून कळायचं, आजची संध्याकाळ कशी जाणार. समोर भूमिती, कान दाराकडे. नातेवाईक म्हणायचे, किती समजूतदार पोरगी! समजूतदार कसली, घाबरलेली होते.

भांडूच नका असं म्हणत नाहीये मी. हप्ते, आजारपणं, सासर-माहेर, भांड्याला भांडं लागणारच. पण आपल्याकडे भांडण होतं हॉलमध्ये आणि मिटतं बेडरूममध्ये, दार लावून. पोरांना पेटलेलं दिसतं, विझलेलं दिसतच नाही. मानसशास्त्रवाले तरी वेगळं काय सांगतात? मुलांसमोर भांडण मिटलं तर ती सावरतात, आणि धुमसत राहिलं तर आवाज न चढवताही आतून पोखरतं. रागाला आवर घालणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो म्हणे. मग तोवर आवर कसा घालायचा, हे पोरं कोणाकडे बघून शिकणार? तुमच्याकडेच ना?

हो, सगळीच चिडचिड घरामुळे नसते. वय असतं, दहावी-बारावी असते. मान्य. पुढे.

आमच्याकडे भांडण पोरांसमोर मिटलं, असं एकदाच झालं. ओव्हरटाइम बंद झाला होता, अबोला लांबला होता. रविवारी सकाळी बाबांनी स्वतः चहा टाकला, कप आईच्या हातात दिला आणि आम्हा भावंडांसमोर म्हणाले, "परवा मी जास्त बोललो." आई म्हणाली, "साखर विसरलात." भाऊ फिस्सकन हसला. बस्स, एवढंच. त्याने माझी भूमिती सुधारली वगैरे नाही, पण त्या संध्याकाळी स्कूटर आली तेव्हा मी पुस्तकातून मान वर केली नाही.

आता वाटतं, बाबांना तरी कोणी शिकवलं होतं? मनातलं बोलायचं कोणाजवळ, पानाच्या टपरीवर? तुम्हाला आज निदान टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 आहे. फुकट आहे, मराठीत बोलतात. लाज कसली त्यात? (मारहाण होत असेल तर मात्र चहा-बिहा विसरा. मुलांसाठी 1098 आहे, सरळ फोन लावा.)

पण त्या क्लासमधल्या दोघांना मी माफ करणार नाही. गाडी आहे, दोघांचे पगार दिसत होते, आणि एकमेकांशी चार शब्द बोलायला पोरगी लागते! वर तिच्या मार्कांची काळजी!

आणि आता आमच्या जुन्या गल्लीतली मंडळी कमेंटमध्ये येतीलच, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" म्हणत. काका, होतं. आपली भिंत सामाईक होती. तुम्हाला सगळं ऐकू यायचं.